बाहेर मार!

नातवंडांनो, इथे बहारीनमध्ये, माहूजच्या आमच्या इमारतीत वसईचे एक गृहस्थ राहतात, कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कोच. गळ्यात कायम शिट्टी. लिफ्टमध्ये भेटले की म्हणतात, "आंटी, खेळ खलास! दुसऱ्या कॉलेजने स्कॉलरशिप दाखवली की पोरं यल्ला, निघाली!" मी मान डोलावते.

शुक्रवारी त्यांचा सामना पाहिला. जिंकले तरच ते अंतिम फेरीत जाणार होते. बरोबरी चालू होती. त्यांना सोडून गेलेला मुलगा, आता समोरच्या संघातला, शेवटच्या मिनिटाला गुडघा धरून कोसळला. रेफरीने खेळ थांबवला नाही. कोचच्या खेळाडूपुढे गोल मोकळा होता.

"बाहेर मार!" कोच ओरडले आणि त्या मुलाकडे धावले. चेंडू बाहेर गेला. सामना बरोबरीत सुटला, अंतिम फेरी हुकली.

परतल्यावर लिफ्टमध्ये ते पुटपुटले, "खेळ खलास, आंटी."

या वेळी मी मान डोलावली नाही.