चिंचेने घासलेली चिप

दिवाळीच्या साफसफाईला मी पदर खोचला की घरातली माणसं आपापल्या वस्तू लपवतात, आणि ते शहाणपणाचंच आहे. त्या वर्षी बाबांना ते सुचलं नाही. कपाटाच्या तळाशी त्यांची पोकर चिप्सची पेटी सापडली. भावाने परदेशातून आणलेल्या, सिरॅमिकच्या दोनशे रंगीत चकत्या. पोकर आमच्या हिंदी मुलखातल्या सुदामा नगरात कुणाला येतो? बाबा आणि त्यांचे तीन रिटायर्ड दोस्त दर रविवारी त्या मांडून रमी खेळत.

लकव्याचा हलका झटका येऊन गेल्यापासून तो अड्डा बंद होता. उजव्या हातातून पत्ते निसटत, आणि दोस्तांनी ते पाहिलेलं बाबांना खपणार नव्हतं. त्यांचा फोन आला की बाबा झोपलेत असं मला सांगायला लावत. हाताचा व्यायाम म्हणजे पोरखेळ, म्हणून तोही सोडला. मी समजवायचे, मग चिडायचे. खरं तर मी घाबरले होते. हा माणूस असाच खुर्चीत बसून संपेल असं वाटायचं.

चिप्सवर हातांचा चिकट मळ बसला होता. अंगणात मी देवाची पितळी भांडी चिंच-रांगोळीने घासत होते, त्याच झपाट्यात एक चिपही घासली. दिवाळीत हाताला लागेल त्याला चिंच, हा आमच्या घरचा कायदाच. मळ गेला, पण मधलं निळं फूलही निम्मं गेलं.

बाबा दारात उभे होते. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"ती काय समई आहे? सिरॅमिकला रगडत नाहीत, वरची प्रिंट पूरी निकल जाती है."

"मग तुम्हीच करा," मी फणकारले, आणि लगेच जीभ चावली.

पण ते खरंच स्टूल ओढून बसले. कोमट पाणी मागवलं, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, आणि मऊ झालेला जुना टूथब्रश. चिप भिजत ठेवायची नाही, एकेक घ्यायची, कडा हलक्या हाताने घासायच्या आणि लगेच सुती कापडाने टिपायची. ब्रश डाव्या हातात, चिप उजव्या चिमटीत. ती दोनदा पाण्यात पडली. मी हात पुढे केला तर असे डोळे वटारले की मी मुकाट्याने समईकडे वळले. त्यांची एक चिप होईस्तोवर माझी चार निरांजनं झाली.

मग रोज सकाळी आठ-दहा चिप्स. मी एका शब्दाने कौतुक केलं नाही; माझ्या स्वभावाला हे फार जड गेलं. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, तरी काम चालूच होतं. चिमटीची पकड घट्ट होत होती, पण बोटं पूर्वीसारखी झाली नाहीत. होणारही नव्हती, हे आम्हा दोघांना कळत होतं.

शेवटची चिप पुसून झाल्यावर त्यांनी फोन मागितला आणि सगळ्यात जुन्या दोस्ताला स्वतः लावला.

"भिया, संडेला या सगळे. पत्ते पिसताना हातातून पडतात माझ्या. पडले तर कोणी उचलायचे नाहीत, मी उचलेन."