दाबलेला खोकला

आष्टीत कुणाच्या घरी बाळंतीण आली, की पहिला निरोप जायचा केशरबाईकडं. बाळंतिणीला शेक द्यायचा, बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं, हे तिचं काम. पाय लांब करून पाटावर बसायची, उघडं लेकरू नडग्यांवर घ्यायची आणि घर डोक्यावर घेणारं पोरगंसुद्धा गपगार व्हायचं. काम सासूकडून शिकली, पण सासूच्या वरताण निघाली. हात भारी मऊ, असं बाया तोंडावर म्हणायच्या. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची, मनातून मात्र फुगायची. का नाही फुगायचं?

मग त्या हातांनाच सोरायसिस झाला. कोपरावर चट्टे आले, तिथून तळव्यांवर उतरले. कातडी जाड, लाल, वर पांढरे खवले. भेगांमधून रक्त यायचं. हा एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग नाही, असं डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते, पण ऐकतो कोण! कालपर्यंत जिच्या हाती लेकरू देऊन बाया निवांत झोपायच्या, तिनं चहा घेतलेला कप आता बाजूला ठेवायला लागल्या. निरोप बंद झाले. तोंडावर कुणी काही बोललं नाही, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

इलाज तरी किती झाले! मलमं झाली, ज्यानं त्यानं सांगितलेला झाडपाला झाला. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, तर त्या लिव्हरला सोसेनात. त्यात शुगर आधीचीच. शेवटी बाई म्हणाल्या, "मावशी, आता बायोलॉजिकचं इंजेक्शन राहिलंय. गुण चांगला येतो, पण अंगाची रोगाशी लढायची ताकद त्यानं जरा कमी होते. तुमच्या तपासणीत टीबीचे जंतू दिसतायत. सध्या झोपलेत. ते उठू नयेत म्हणून आधी गोळ्या सुरू करू. रोज घ्यायच्या, कोर्स पुरा करायचा. आणि खोकला, ताप, काहीही आलं तर त्याच दिवशी मला सांगायचं. इंजेक्शन थांबवावं लागेल."

केशरबाईनं मान डोलावली. महिनाभर गोळ्या घेतल्या, मग इंजेक्शन सुरू झालं. गोळ्यांनी मात्र मळमळायचं, जेवण जाईना. झोपलेल्या रोगाला कशाला दवा, असं तिच्या मनानं घेतलं. आणि टीबीची गोळी खाते हे गावात कळलं, तर उरलंसुरलं माणूसही दारात यायचं नाही. इकडं चट्टे पुसायला लागले आणि तिकडं तिनं गोळ्या हळूच सोडून दिल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की ठोकून द्यायची, "घेऊन राह्यले की, बराबर."

हात मात्र असे निघाले की बघत राहावं! ती स्वतःच उलटेसुलटे करून बघत बसायची. नवरा तातेराव चिडवायचे, "अगं, नवं लुगडं घेतल्यावानी काय बघून राह्यलीस?"

त्याच सुमारास लेक प्रीती बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, नाव ठेवलं राजनंदिनी. प्रीतीच्या सासूबाईंनी फोनवर आडून आडून विचारलं, "विहीणबाई, हात बरे हायेत ना आता?" केशरबाईनं दोन्ही तळवे व्हिडिओ कॉलसमोर धरले. कुणी आपल्याच माणसाला असे हात दाखवायला लावावेत? पण तिला त्याचं काही वाटलं नाही. दाखवायला हात होते, यातच तिचं पोट भरलं. गावातून पुन्हा निरोप यायला लागले. "नात जरा मोठी होऊ द्या, मंग येते," असं ती ऐटीत सांगायची.

आणि खोकला आला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. संध्याकाळी अंग गरम व्हायचं. हवा बदलली म्हणाली, हळद घातलेलं दूध प्याली. उबळ आली की पदर तोंडात कोंबून घरामागं जायची. प्रीतीला कळू दिलं नाही, तातेरावांपासून मात्र लपेना.

"जालन्याला जाऊन सांग आधी," ते म्हणाले.

"अहो, सांगितलं की इंजेक्शन बंद. मंग हे हात पुन्हा तसेच. नातीला हात लावू देईल का मंग कुणी?"

तातेराव गप्प बसले. बसायला नको होतं.

बाळाचं न्हाणं झालं, की त्याच्या कानानाकात फुंकर मारून पाणी काढायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या सकाळी केशरबाईनं नातीला नडगीवर सरळ केलं, तोंड जवळ नेलं, आणि फुंकर मारताना उबळच फुटली. तोंड वळवायलाही सवड मिळाली नाही. प्रीती टॉवेल घेऊन समोरच उभी होती. बाळाच्या ओल्या गालावर रक्ताचे शिंतोडे तिनं पाहिले.

दुसऱ्या दिवशी सगळे जालन्याला. छातीचा फोटो झाला, बेडका तपासला. जंतू उठले होते. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "इंजेक्शन बंद. टीबीचं औषध आजच सुरू करायचं. मावशी, आता खरं सांगा, खोकला कधीपासून आहे? आणि घरात तुमच्या तोंडाजवळ कोण असायचं?"

केशरबाईच्या तोंडाला मास्क बांधला होता. प्रीती बाळाला घेऊन दाराशी उभी होती.

"बाळ. रोज. नाकात फुंकर मारायची मी."

"आई," प्रीती म्हणाली, "तुला ठाऊक होतं?"

काल आलेला खोकला आहे, असं म्हणता आलं असतं. तातेरावांनी खाली घातलेली मान वर केली नाही. केशरबाईला लेकीच्या तोंडाकडं बघायची लाज वाटली, तरी ती बघत राहिली.

"गोळ्या मीच सोडल्या. बारसं झाल्यापासून खोकून राह्यले. हात जातील म्हणून बोलले न्हाई."

आजीचा आवाज ऐकून राजनंदिनीनं तिकडं मान वळवली आणि हसली. प्रीतीनं तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं आणि ती दाराबाहेर निघून गेली.