टेस्टचा रविवार

ज्यांच्या पोरांचे मार्क कमी, त्या पालकांना सभेत उभं करायची बहिणीच्या क्लासची पद्धत होती. मी उभी राहिले. आई-बाप मेंढरं घेऊन चाऱ्यामागं परमुलखात गेलेले, म्हणून धाकट्या बहिणीची पालक मीच. असल्याच एका दुष्काळात नववीतून माझी शाळा सुटली. तिची सुटू नये, ती डॉक्टरकीच्या परीक्षेला बसावी, म्हणून कन्नड तालुक्यातलं गाव सोडून शहरात मुकुंदवाडीला खोली केली होती. भाकरी थापायला मी.

सरांनी माइकवरच विचारलं, "तुमचं शिक्षण?"

"नववी."

"मग घरात अभ्यासाचं वातावरण कुठून येणार?"

मागं कुणीतरी हसलं. माझ्या कानातून जाळ निघाला. बहीण पाठ म्हणायची तेव्हा पुस्तक धरून मी बसायचे. हृदयाचे कप्पे मला अजून येतात.

सरांनी हजेरी दाखवली. तीन रविवार ती टेस्टला पाऊण तास उशिरा. पेपर निम्मे कोरे. आता शेवटच्या बॅचला जाईल, म्हणाले. त्या बॅचला शिक्षकच नसायचे. पडद्यावर जुनं लेक्चर लावायचे. शंका विचारायची तर पडद्याला.

तणतणत घरी आले. "रविवारी कुठं उलथत होतीस?"

ती बघतच राहिली. "पाइप कोण धरत होतं, आक्के?"

शहर मजल्यावर मजले चढवत होतं आणि आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर, तोही रविवारी सकाळी. एकीनं पाइप धरायचा, दुसरीनं हंडे ओढायचे. एकटी बाई दिसली की पाइप हिसकलाच. "चल गं, दोन मिनटं," अशी हाक मीच मारायचे. मेंढरांमागं वाढलेल्या माणसाला पाणी दिसलं की घड्याळ दिसत नाही.

"मंग सांगितलं का नाय?"

"तू ऐकलं असतंस व्हय? पाणी आलं की लई वरडतीस. आईवानी."

सरांचा राग होता, त्या हसणाऱ्याचा होता. आता सगळ्यात जास्त माझाच आला. तिला अभ्यासाला आणलं आणि पाइपाला जुंपलं.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या दारात जाऊन बसले. "उशीर माझ्यामुळं झाला. तिची एक टेस्ट घ्या."

"बाई, नियम असतो."

"मला नाय कळत नियम. नववी शिकले मी."

दुपारपर्यंत हलले नाही. शेवटी सर वैतागून म्हणाले, येत्या रविवारी बघू, नऊला दार बंद.

त्या रविवारी टँकरचा हॉर्न वाजला आणि ही सवयीनं पुस्तक टाकून उठली. "तिकडं पाय टाकलास तर तंगडं मोडीन!" म्हणत तिला मागच्या बोळातून क्लासला पिटाळलं. मी एकटीच हंडे घेऊन रांगेत. शेजारच्या खोलीतल्या खालानं विचारलं, "बहन किधर हय तेरी?"

"टेस्टला," मी खेकसले.

"तो पाइप मैं पकडती. तू भर. और गुस्सा मेरे पे मत निकाल."

तिचे स्वतःचे हंडे त्या दिवशी अर्धेच भरले. हे उपकार मी विसरायची नाही.

आठवड्यानं यादी लागली. पहिल्या बॅचमध्ये शेवटून दुसरं नाव तिचं. सर समोर आले आणि मी पटकन वाकून त्यांच्या पाया पडले.

रस्त्यावर आल्यावर बहीण भडकली. "त्यांच्या पाया कशाला? मार्क मी आणले ना?"

खरंच होतं. माझ्याही मनातून ती सभा गेली नव्हती. पण बॅच त्यांच्या हातात होती, आणि परीक्षेला अजून चार महिने होते.