ओल्या रंगाची भिंत

आमची मावशी ज्या घराचा फोटो काढते ते घर महिन्याभरात खचतं, अशी वस्तीभर बोलवा आहे. ती गल्लीत शिरली की कोपऱ्यावरच्या काकू दार लावून आतून नाकात ओरडतात, "आमच्याकडे काही नाही गं बाई, तू आपली पुढं जा!" (ही नक्कल मला फार छान जमते.)

खरं नेमकं उलट आहे. आमच्या पायाखालून खाण गेली आहे. ज्या भिंतीला तडा जातो, तिथंच मावशी पोचते. एरवी दुकानात बसून पासपोर्टचे फोटो काढणारी बाई ही. सुट्टीच्या दिवशी तड्यावर कागदाची पट्टी चिकटवते, तारीख लिहिते, आणि पट्टीसकट घरातल्या माणसांचा फोटो घेते. पट्टी फाटली, म्हणजे तडा वाढला.

आमच्या भिंतीवरची दोनदा फाटली. तिसऱ्या खेपेला मावशी आली, तर पट्टीच गायब. बाबांनी तड्यात लांबी लिंपून वर रंग फासला होता.

"बघा मेहुणीबाई! कुठाय तडा?"

"भावोजी, आजच घर सोडा."

"छटा जुळली नाही हो, त्यानंच डोकं उठलंय. दुकानदारानं गंडवलं."

"आणि माझ्या नव्या चादरीवर शिंतोडे उडवलेत ते?" आई.

मी मावशीच्या कानाशी लागले. "पैज! बाबा हलत नाहीत. मी हरले तर तोंड वेडंवाकडं न करता फोटो काढू देईन."

मावशीनं पिशवीतून एक फोटो काढून त्या चादरीवर ठेवला. मागच्या गल्लीतलं घर. एकच भिंत उभी, तिच्यावर ब्रशचे ताजे फराटे. भिंतीमागे खोली नाही, खड्डा. कडेला खाटेवर एक बाई बसलेली, मांडीवर लहान मुलाची एकच चप्पल.

आईनं हळूच शिंतोड्यांवरून हात काढला. बाबांनी फोटो पालथा घातला, पुन्हा उलटून पाहिला. तेवढ्यात फळीवरचे कप आपोआप किणकिणले.

"आधी सिलिंडर," बाबा म्हणाले. तो आवाज मला अजून काढता आलेला नाही.

तासाभरात सामान रस्त्यावर आलं. हरलेली मी निमूटपणे दारासमोर उभी राहिले. मावशीनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"तिथं नको. दहा पावलं पुढं ये." मी आले.

"अजून," ती म्हणाली. "अजून ये."