दोन आणि आठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. आज तुम्हाला सांगायला बसलो तर आधी दार लावून घेतलं — इतक्या वर्षांनी आता कसली भीती?

वऱ्हाड तेव्हा नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं. मी मूर्तिजापूरहून अमरावतीला तार शिकायच्या क्लासला जायचो. रेल्वेत तारबाबू व्हायचं होतं. एकदा नापास झालो होतो. वडील भिक्षुकी करायचे. त्यांनी बजावलं होतं — या खेपेला आपटलास तर घरी तोंड दाखवू नकोस. ते बोलले की तसंच करायचे.

माझा मित्र शेषराव कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, आणि तोही तीच परीक्षा देणार होता. क्लासला जायला त्याला सवड कुठली? म्हणून आम्ही त्याच्या घरीच तारेचं यंत्र जमवलं. एक पाट, त्यावर पितळेची पट्टी, पट्टीला शर्टाचं बटण, टॉर्चचे दोन सेल आणि भंगारातली विजेची घंटी. घंटीची वाटी काढली की नुसतं घर्र वाजायचं. बटण दाबू तसा आवाज — लांब किंवा आखूड. ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा शेषराव अक्षरशः नाचला. मग क्लासच्या वहीतून मी खुणांचा तक्ता उतरवला आणि त्याच्या भिंतीला चिकटवला. अक्षरं मी वाजवून शिकवली. आकडे मात्र तो तक्त्यात पाहून एकटाच घोटायचा.

परीक्षेला दहा दिवस उरले होते. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा आकडे ऐकवले. मी दोन वाजवला, त्यानं आठ लिहिला. आठ वाजवला, त्यानं दोन लिहिला. मी तक्त्याकडे पाहिलं. खरं तर दोन आखूड, तीन लांब म्हणजे दोन. तीन लांब, दोन आखूड म्हणजे आठ. उतरवताना मीच अदलाबदल केली होती — घाईत. तिथपर्यंत ती नुसती चूक होती.

मग? तोंड उघडायला कितीसा वेळ लागला असता? दहा दिवसांत त्यानं हात सुधारला असता. पण त्याचा हात माझ्यापेक्षा चपळ होता. जागा थोड्या होत्या. आणि मला वडिलांचा चेहरा दिसत होता — खरंच दिसत होता. त्यानं कागद पुढे केला.

"पाय बरं, बरोबर हाय काय?"

"बरोबर हाय," मी म्हटलं.

परीक्षा अकोल्याला झाली. मी पास, तो नापास. "माह्या हातातच दम नाई," असं म्हणून स्टेशनावर त्यानंच मला पेढा भरवला. तो पेढा मी कसा गिळला, ते विचारू नका.

मला अकोल्यात नोकरी लागली. तारेवर दोन किंवा आठ आला की मी तो पुन्हा वाजवायला सांगायचो. शेषराव फलाटावर दिसला की मी आत कपाटाआड उभा राहायचो. त्याला कुणी खरा तक्ता दाखवला तर? पण दाखवणार कोण? त्याचं परीक्षेचं वय उलटलं आणि तो जिनिंगमध्येच राहिला.

दहाएक वर्षांनी निरोप आला — रुईच्या धुळीनं त्याच्या छातीची पार वाट लागली आहे, येऊन जा. गेलो. तो खाटेवर बसला होता. भिंतीवर तोच तक्ता होता, माझ्याच अक्षरातला. यंत्र त्यानं मला फळीवरून काढायला लावलं. सेल केव्हाच संपले होते, म्हणून बटण दाबत आवाज तोंडानं काढला.

"माहा परीक्षेचा नंबर. अठ्ठावीस. आयक."

मी ऐकलं. त्यानं ब्याऐंशी वाजवला होता.

"चुकलं नाई ना?"

घरात आम्ही दोघंच होतो. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. माझी नोकरी पक्की होती. मला कुणाचंही भय उरलं नव्हतं.

"बरोबर हाय," मी म्हटलं.

तो हसला, खोकला आणि त्या बटणावरून बोट फिरवत म्हणाला,

"मंग मी नापास काहून झालो असन बे?"