काकूंनी दिवा लावला की रोबो ऑफलाइन

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मी असलं काही मानणाऱ्यातला नाही. कर्जतला चौदा वर्षं वायफाय आणि कॅमेरे बसवायचं काम करतोय. "आपोआप बंद पडतं हो" म्हणणारी गिऱ्हाइकं ढिगाने भेटली, आणि प्रत्येक 'आपोआप'च्या मागे सैल वायर, उंदीर नाहीतर घरातलंच एखादं कार्टं निघालं. बायको म्हणते, तुला कशाचंच नवल वाटत नाही. खरं होतं ते... गेल्या मार्चपर्यंत.

पळसदरीला धरणाच्या अलीकडे एक बंगला आहे. मालकीण मुंबईच्या, शनिवार-रविवार येणाऱ्या. त्यांना अनघा मॅडम म्हणू. बंगला सांभाळतात सुमनकाकू. साठी ओलांडलेली, नवरा गेलेला, अकरा वर्षं बंगल्यामागच्या खोलीत एकट्या राहतात. हल्ली त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, वाकून केर निघेना. म्हणून मॅडमनी फरशी झाडणारा रोबो आणला. काकू त्याला कासव म्हणायच्या.

मॅडमनी त्याची वेळ लावली संध्याकाळी पावणेसात. ऑफिस सुटलं की फोनवर त्याचा नकाशा बघत बसायचा, ही त्यांची हौस. पण रोज सातच्या सुमारास फोनवर मेसेज यायचा — रोबो ऑफलाइन. मग मॅडमचा मला फोन, आणि माझी स्कूटर पळसदरीला.

सगळे उपाय केले. हे रोबो जुन्या, म्हणजे टू पॉइंट फोरच्या वायफायवरच चालतात, फाइव्हवाल्याला ओळखत नाहीत. म्हणून दोन्हीची नावं वेगळी केली. चॅनल बदलला. त्याचा चार्जिंगचा अड्डा जिन्याखालून काढून राउटरसमोर आणला. रीसेट करून पुन्हा जोडला. शेवटी बाहेर व्हरांड्यात बसून माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवला, तरी सात वाजता गडी गुल. त्याच घरातला टीव्ही चालू, बाहेरच्या बाजूचे कॅमेरे चालू, हा एकटाच बंद. शिवाय वायफाय गेलं तरी रोबो हातातली फेरी पुरी करतो. हा मात्र अर्ध्यात थांबायचा आणि निमूट अड्ड्यावर जाऊन बसायचा.

आता काकूंचं ऐका. रोज सातच्या सुमारास त्या आपल्या खोलीत देवापुढे दिवा लावतात. पहिल्या दिवसापासून त्यांची एकच तक्रार. "तिन्हीसांजंला केर काढतंय मेलं. दिवेलागणीला कुणी झाडू हातात घेतो का रं? घरातली लक्ष्मी जाईल भायेर." मी हसायचो. पण रोबोच्या पाठीवर एक बटण असतं. ते दाबून धरलं की त्याचं वायफाय तुटतं आणि तो काम सोडून अड्ड्यावर परत जातो... मी दोन अधिक दोन चार केले.

मॅडमचा पुढचा फोन आला तेव्हा बोलून गेलो, "मशीन ओके आहे मॅडम. कुणीतरी हात लावतंय."

"घरात माणूस एकच आहे," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी कळलं, मॅडमनी काकूंना महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलंय. प्रश्न केराचा नाही, विश्वासाचा आहे म्हणाल्या. काकू जाणार कुठे, तर लेकीकडे, चौकला, खालापूर तालुक्यात. तिचं घर दोन खोल्यांचं, माणसं सहा. काकू विचारायला म्हणून चार दिवस तिकडे गेल्या. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "तुळशीला पाणी घाल रं म्हेशा." मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण मी मनात म्हटलं, आता बघू, काकू नाहीत तर कासव कसं पळतं ते.

संध्याकाळी बंगल्यावर गेलो. पावणेसातला रोबो निघाला. सात वाजले, सात-पाच झाले, सिग्नल फुल. पटलं ना, म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटली. तेवढ्यात काकूंचा फोन. मी तो स्पीकरवर टाकला.

"पानी घातलंस का तुळशीला?"

"घातलं."

"बरं झालं. आमी आताच पोचलो शेतावरनं. थांब जरा, दिवा लावते."

फोनमधून काडी ओढल्याचा आवाज आला. आणि माझ्या समोर, सोफ्याजवळ, रोबो थांबला. त्याच्यातली बाई गोड आवाजात म्हणाली, "नेटवर्क डिस्कनेक्टेड." तो वळला आणि अड्ड्यावर जाऊन बसला. पळसदरी ते चौक मध्ये डोंगर आहे हो!

योगायोग, म्हटलं. दुसऱ्या दिवशी मीच सातला फोन केला. "काकू, आज दिवा थोडा उशिरा लावाल का?"

"दिव्याला उशीर कशापायी रं?"

"माझं एक काम आहे."

"तुझं काम आनि माझा दिवा, त्याचा काय संबंध? बरं, ऱ्हाऊ दे. किती वाजता लावू?"

सात-वीस सांगितलं. त्या फोनवरच थांबल्या, नातवाला दटावत, मला डाळीचे भाव सांगत. रोबो मजेत झाडत होता. बेडरूम झाली, स्वयंपाकघर झालं. सात-वीसला काडी ओढली. रोबो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबला. नेटवर्क डिस्कनेक्टेड. भीती वाटली म्हणावं तर तसंही नाही, खरं तर हसूच येत होतं. कुणाला सांगणार? मॅडमना? मॅडम, सोळा किलोमीटरवर काडी ओढली की तुमचा रोबो थांबतो!

पण एक गोष्ट लख्ख कळली होती. काकूंनी त्या बटणाला कधी बोट लावलं नव्हतं, आणि त्यांचं छप्पर मी घालवलं होतं.

रोबोची वेळ बदलून सकाळी नऊची लावली. सलग तीन दिवस एकदाही अडखळला नाही. मग मॅडमना फोन करून त्यांना पटेल असं कारण दिलं. "मॅडम, चूक माझी होती. राउटरचं सेटिंग मीच चुकवलं होतं, ते आता सापडलं. काकू चौकला होत्या तेव्हाही तो बंद पडला, म्हणजे त्यांनी हात लावला नव्हता. तसं उगाच बोललो मी." मॅडमनी मला पाच मिनिटं धुतलं. कॅमेऱ्यांचं काम नेरळच्या दुसऱ्या माणसाला दिलं, तेही योग्यच केलं. काकूंना मात्र त्यांनी स्वतः फोन केला, माफी मागितली आणि खोली सोडू नका म्हणाल्या.

काकू परत आल्या तेव्हा किल्ली द्यायला गेलो. खाली मान घालून सांगून टाकलं की हात लावतात असं मॅडमना मीच बोललो होतो.

"ठावं हाय मला," काकू चहा गाळत म्हणाल्या. "मॅडमचं डोकं नाय चालत येवढं. तुझंच आसणार."

मग त्यांना दिव्याचं सगळं सांगितलं. काडी, सात-वीस, उंबरा. "मग त्यात काय रं येवढं? त्याला सांगितलं आसंल कुनीतरी." कप माझ्यापुढे सरकवला आणि चहात बुडवायला बटर आणायला उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून.

रोबो कंपनीच्या हेल्पलाइनवर विचारलं, तर म्हणाले, ॲप अपडेट करा. तुमच्यापैकी कुणी या लाइनमधलं असेल तर जरूर सांगा, मी शिकायला तयार आहे. दुकानात माझी तक्रारींची एक वही असते. तारीख, गिऱ्हाईक, बिघाड, आणि शेवटी कारणाचा रकाना. चौदा वर्षांत तो रकाना कधी कोरा सोडला नाही. पळसदरीच्या नोंदीपुढे लिहिलं, 'न बघता माणसावर आळ घेतला — महेश.' रोबोचं काय ते मला माहीत नाही, पण त्या बंगल्यात खरोखर बिघडलेलं तेवढंच मला सापडलं होतं.