तीन नंबरची बाटली

माझी मुलगी नाशिकजवळच्या एका वायनरीत काम करते. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून ती तिथल्या प्रयोगशाळेत लागली तेव्हा मला वाटलं होतं, वर्षभरात कंटाळून यवतमाळला परत येईल. ती काही आली नाही. मागच्या हिवाळ्यात तिला पहिल्यांदा स्वतःचं ब्लेंड करायला सांगितलं गेलं. वेगवेगळ्या द्राक्षांची वाइन आधी वेगवेगळी मुरवतात आणि मग ठरावीक प्रमाणात एकत्र करतात, त्याला ब्लेंड म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळलं.

संक्रांतीला ती घरी आली तेव्हा बॅगेत स्वेटरांमध्ये गुंडाळलेल्या चार बाटल्या होत्या. एक तिच्या ब्लेंडची, एक तिच्या वरिष्ठांच्या, एक त्यांच्याच वायनरीची बाजारात चालणारी आणि एक परदेशी. चारही लाल. तिचं म्हणणं असं की, तिथले सगळे लोक वाइन चाखून चाखून एकसारखंच बोलायला लागले आहेत. तिला अशी माणसं हवी होती, ज्यांना वाइनमधलं काही कळत नाही पण चव कळते.

"अशी माणसं माझ्याकडे पुष्कळ आहेत," मी म्हणाले.

मी तीन फोन केले. पहिला राळेगावच्या मैत्रिणीला. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. आता ती कपाशी आणि तुरीची शेती स्वतः बघते. दुसरा आमच्या गल्लीतल्या औषध दुकानदार भाऊजींना. तिसरा माझ्यासोबत शाळेत मराठी शिकवणाऱ्या मॅडमना. हा शेवटचा फोन करताना मी जरा अडखळले, कारण त्या पंचशील घेतलेल्या आणि मनापासून पाळणाऱ्या. पण त्यांना वगळून घरात काही करायचं माझ्या जिवावर आलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बाटल्या झाकून कोण ठेवणार? तुमच्या घरात तर सगळ्यांनाच माहीत असेल की कोणती कोणाची.

"मी पिणार नाही," त्या म्हणाल्या. "पण नंबर मी टाकते. माझ्याशिवाय कोणालाच कळणार नाही."

रविवारी दुपारी सगळे जमले. रंग दिसायला ऊन हवं, म्हणून मुलीने वेळ दुपारची ठरवली होती. टेबलावर पांढरी चादर घातली होती. सकाळपासून घरात उदबत्ती लावायची नाही आणि फोडणी टाकायची नाही, असा तिचा हुकूम होता. माझ्या पाटवडी रश्शाचा मसाला वाटून तयार होता, पण चाखणं होईपर्यंत गॅस पेटवायची परवानगी नव्हती. मॅडमनी मागच्या खोलीत दार लावून बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, एक ते चार आकडे टाकले आणि बाहेर येऊन परीक्षेच्या पर्यवेक्षकासारख्या टेबलाच्या टोकाला बसल्या. माझी मुलगी स्वयंपाकघरात गेली. तिचा चेहरा बघून कोणी मत बदलू नये, म्हणून मी मध्ये पडदाही ओढला.

चाखणारे आम्ही चौघं. मी, माझा नवरा, भाऊजी आणि राळेगावची मैत्रीण. माझ्या नवऱ्याची सारी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली, त्यामुळे त्याला कुठल्याही गोष्टीचा वास घेण्याचं वावडं नाही. भाऊजी आमच्यातले अनुभवी. ते अधूनमधून व्हिस्की घेतात आणि ते लपवतही नाहीत. एक घोट तोंडात घोळवून पातेल्यात थुंकायचा, असं मी मुलीने शिकवल्याप्रमाणे सांगितलं, तर ते म्हणाले, "थुंकाचंच असन तं खर्रा काय वाईट होता?" तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांनी नुकताच सोडला होता. ते शेवटपर्यंत थुंकले नाहीत.

मला वाटलं होतं, दहा मिनिटांत हसण्याखिदळण्यात सगळं जाईल. तसं झालं नाही. मॅडमनी पहिला नंबर ओतला आणि सगळे ग्लासावर वाकले. मैत्रिणीने ग्लास उन्हात धरला, वास घेतला, घोट घेतला आणि तो तोंडात घोळवला. मग म्हणाली की जांभळाचा वास आहे, पण जांभूळ झाडावरचं नाही, टोपलीत दोन दिवस राहिलेलं. माझ्या नवऱ्याला दुसऱ्या नंबरात काकवीचा वास आला. भाऊजी म्हणाले, चौथी महागाची असणार, कारण ती काहीच बोलत नाही. मॅडमही प्रत्येक ग्लासाचा नुसता वास घेत होत्या, पण विचारलं तर मान हलवत. त्यांना उत्तरं माहीत होती, म्हणून त्यांनी मत द्यायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

तिसऱ्या नंबराशी आम्ही सगळेच अडलो. सुरुवात छान होती. मऊ, पिकलेल्या फळाची. मग एकाएकी तोंड कोरडं पडायचं. मैत्रीण म्हणाली, "तेंदूचं कच्चं टेंभरं खाल्ल्यावानी जीभ आखडते वो माय." भाऊजींनी पाणी मागितलं. मी तर आणखीच स्पष्ट बोलले. मी म्हणाले, ही आधी गोड बोलते आणि मग अंगावर येते, मला हिचा दुसरा घोट नको.

प्रत्येक ग्लासापुढे एकेक वाटी ठेवली होती. आवडीप्रमाणे वाट्यांमध्ये चिंचोके टाकायचे होते. दुसऱ्या नंबराची वाटी भरली. तिसऱ्या नंबराच्या वाटीत एकही चिंचोका पडला नाही.

मुलगी बाहेर आली. मॅडमनी एकेक कागद काढला. दुसरी बाटली तिच्या वरिष्ठांची निघाली. तिसरीचा कागद काढण्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग तो काढला. ती माझ्या मुलीची होती.

माझे कान तापले. मैत्रिणीने पदर तोंडाशी नेला. पहिला बोलला तो माझा नवरा. तसं पाहिलं तर तिसरी वाईट नव्हती, जेवणासोबत कदाचित ती चांगली लागेल, असं तो घाईघाईने सांगू लागला आणि खिशात उरलेले चिंचोके चाचपू लागला.

"बाबा, आता बदलू नका," मुलगी म्हणाली. "ती कोणाची ते माहीत नसताना जे बोललात, तेच माझ्या कामाचं."

तिने खुर्ची ओढली आणि आमच्यासमोर बसली. मैत्रिणीला विचारलं, "मावशी, कोरडं कुठं पडते? जिभेवर का हिरड्यांवर?" मैत्रिणीने परत एक घोट घेतला आणि हिरड्यांवर बोट ठेवून दाखवलं. घोट गिळल्यावर लगेच का थोड्या वेळाने, हे तिने भाऊजींना विचारलं. अंगावर येते म्हणजे नेमकं काय होतं, हे मला विचारलं. मी सांगायला कचरले, तर म्हणाली, "आई, नीट सांग. तुला नीट सांगता येतं."

दहावीत गणिताचा पेपर हातात पडला की हीच मुलगी मार्कांवर पंजा ठेवायची. आयुष्यभर मी वर्गात पेपर वाटले. चूक दाखवल्यावर मूल काय करतं, हे मी फार पाहिलं आहे. बहुतेक जण मान खाली घालतात, काही वाद घालतात. समोर बसून अजून सांगा म्हणणारे फार थोडे भेटले. त्यातली एक आज माझ्या घरात, पांढऱ्या चादरीवर कोपर टेकून बसली होती. ऊर भरून येणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. ते बोलून दाखवायला नको म्हणून मी उठले आणि गॅस पेटवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. मिश्रणाआधीच्या सुट्या वाइनच्या छोट्या बाटल्याही तिने आणल्या होत्या. मोजायला काही नव्हतं, तर तिच्या बाबांनी गाईम्हशींसाठीची, पाकीटही न फोडलेली मोठी सिरिंज काढून दिली. तोंड कोरडं करणारी कॅबरने द्राक्षाची वाइन कमी कर, शिराजची वाढव, पुन्हा चाख, असं तिचं दुपारपर्यंत चाललं. मधून मधून ती मला घोट द्यायची आणि मी, आता नाव माहीत असूनही, खरं तेच सांगायचे. चौथ्यांदा की पाचव्यांदा मी त्याचाच दुसरा घोट मागितला आणि ती हसली.

त्याच प्रमाणाने तिने नाशिकला जाऊन पुन्हा ब्लेंड केलं. तिथेही नावं झाकूनच चाखणं झालं आणि यावेळी तिचं निवडलं गेलं. उन्हाळ्यात ते बाजारात आलं. बाटलीवर तिचं नाव नाही, तशी पद्धतच नाही म्हणे. मॅडमना मी बाटली दाखवली तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन सगळा बारीक मजकूर वाचला आणि सांगितलं की शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

मे महिन्यात दारव्ह्याला एका लग्नात आम्ही दोघी मैत्रिणी पंगतीत शेजारी बसलो होतो. समोरच्या ओळखीच्या बाईंनी मुलीची चौकशी केली. मी तोंड उघडायच्या आत राळेगावकरीण बोलली.

"वाइन बनवते तिची पोरगी. पयल्यांदा केली तं आमी नापास केली होती. मंग तिनं अशी बनवली का नाशिकवाल्यायलेबी मानाच लागली."

वाढपी वरण घेऊन आला. मी पानात भाताला आळं केलं आणि ताठ बसले.